उंच चढावे, पण कशासाठी?

उंच जागा दिसली की तीवर चढावे, ही इच्छा मनुष्याच्या ठिकाणी उपजतच असते. नुकते पाऊल टाकू लागलेले मूल प्रथम उंबरा ओलांडते, मग जिन्याकडे वळते, आणि थोडे मोठे झाले म्हणजे अंगणातील पेरूच्या झाडावर जाऊन बसते. खालून आई हाक मारते, ‘अरे, उतर, पडशील!’ आणि वरून उत्तर येते, ‘आई, इथून नदी दिसते गं!’ या दोन वाक्यांत एक फार जुना वाद साठवलेला आहे. आईचे भय खोटे नाही, आणि मुलाचा आनंदही खोटा नाही. मग मुलाने चढावे की चढू नये? घरोघर चालणाऱ्या या वादाचा विचार आम्ही आज एका दूरदेशीच्या पुलाच्या निमित्ताने करू इच्छितो.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या मधोमध समुद्राचे पाणी आत शिरून एक विस्तीर्ण नैसर्गिक बंदर झाले आहे. या बंदराचे दोन तीर जोडणारा पोलादी पूल १९ मार्च १९३२ रोजी रहदारीस खुला झाला. त्याची कमान एका झेपेत ५०३ मीटर अंतर ओलांडते, आणि तिचा माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर उंच आहे. कमानीच्या आकारावरून तेथील लोक त्या पुलास लाडाने ‘कोटहँगर’, म्हणजे कपडे अडकवावयाचा हँगर, असे म्हणतात. पुलावरून मोटारी, आगगाड्या, सायकलस्वार व पादचारी रोज ये-जा करतात, यात नवल ते काय? पूल त्याचसाठी बांधलेला असतो. नवल हे की, १९९८ सालापासून लक्षावधी माणसे पैसे देऊन या पुलाच्या कमानीवर पायी चढून आली आहेत. त्यांस पैलतीरी काही काम नसते. वर जावे, सभोवार पाहावे आणि खाली यावे, एवढाच त्यांचा हेतू.

केवळ देखावा पाहण्यासाठी इतका खटाटोप व इतका खर्च कशासाठी, असा प्रश्न एखादा व्यवहारी पालक करील. प्रश्न वाजवी आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी या कमानीवर सर्वांत आधी कोण चढले होते, हे पाहिले पाहिजे.

पूल बांधावा ही कल्पना सिडनीत पुष्कळ वर्षे बोलली जात होती. तिला आकार देण्यासाठी ज्याने अर्धे आयुष्य वेचले, तो जॉन ब्रॅडफील्ड नावाचा इंजिनिअर हा विटा पाडणाऱ्या एका मनुष्याचा मुलगा. शिष्यवृत्तीच्या बळावर तो शिकला. आणि पुढे याच पुलाच्या व शहरातील रेल्वेच्या विषयावर प्रबंध लिहून त्याने १९२४ साली सिडनी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. बांधणीचे काम इंग्लंडातील डॉर्मन लाँग या कंपनीकडे गेले. खाली पाणी खोल, आणि जहाजांची वाट तर अडवावयाची नाही. तेव्हा खालून टेकू देऊन कमान उभारणे शक्यच नव्हते. म्हणून दोन्ही तीरांवरून कमानीचे दोन अर्ध पुढे पुढे वाढवीत नेले, आणि ते कोसळू नयेत म्हणून प्रत्येक अर्ध १२८ जाड पोलादी दोरांनी मागच्या खडकात बोगदा खणून बांधून ठेवला. मग हे दोर बेताबेताने सैल करीत १९ ऑगस्ट १९३० च्या रात्री दोन्ही टोके एकमेकांस भिडवली. फेब्रुवारी १९३२ मध्ये वाफेची ९६ इंजिने पुलावर एकापुढे एक उभी करून त्याची परीक्षा घेतली, आणि मगच तो लोकांच्या स्वाधीन केला. शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस आणखी एक गोष्ट मौजेची वाटेल. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, आणि त्यामुळे कमानीचा माथा १८ सेंटिमीटरपर्यंत वर उचलला जाऊ शकतो. हे ध्यानात घेऊनच कमानीच्या पायथ्याशी प्रचंड बिजागऱ्या बसवल्या आहेत. इतके अवाढव्य पोलाद, पण त्यासही हलावयास थोडी मोकळीक ठेवावी लागली!

आता या कमानीवर प्रथम चढणाऱ्यांकडे वळू. पुलाचे पोलादी भाग सुमारे ६० लक्ष रिव्हेटांनी जोडलेले आहेत. हे काम कसे चाले, ते ऐकण्यासारखे आहे. उंच तुळयांवर एक मनुष्य लहान भट्टी पेटवून रिव्हेट लालबुंद तापवी, ती सांडशीत धरून दुसऱ्याकडे फेकी, तो ती बादलीत झेली, मग तिसरा ती भोकात बसवून पाठीमागून दाबून धरी आणि चौथा हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने तिचे डोके ठोकून काढी. पायाखाली अरुंद पोलाद, त्याखाली खोल पाणी, आणि कमरेस दोर नाही. एकूण १६ माणसे या पुलाच्या कामी मृत्युमुखी पडली. १९३० साली व्हिन्सेंट केली नावाचा एक कामगार पुलावरून थेट पाण्यात पडला. तो पाण्यात सूर मारण्यात तरबेज होता, म्हणून पडता पडता त्याने देह सावरून पाय खाली घेतले, आणि काही बरगड्या मोडण्यावरच निभावले. तो वाचला ही देवाची कृपा. पण त्याच्या वाचण्याची कथा सांगताना जे वाचले नाहीत त्यांस विसरता कामा नये.

ही माणसे देखावा पाहण्यासाठी वर गेली नव्हती. ते दिवस जगभर मंदीचे होते. हाताला काम मिळणे दुर्लभ झाले होते. या पुलाने इतक्या कुटुंबांच्या मुखी घास घातला की, तो बांधला जात असतानाच लोक त्यास ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणू लागले होते. कारण त्याच्यायोगे शहराचा श्वास चालत होता. म्हणजे कमानीवरचे पहिले चढणे पोटासाठी होते, मुलाबाळांसाठी होते. आज जो तिकीट काढून वर जातो, तो त्यांच्या पायवाटेवरून जातो, एवढे त्याने मनात ठेवावे.

पूल पुरा झाल्यावर कमानीवर जाण्याची मुभा रंगारी व दुरुस्तीचे कामगार यांसच राहिली. परंतु मनाईने इच्छा मरत नाही. ती फक्त रात्रीची वाट पाहू लागते. शहरातील धाडसी तरुण अंधाराचा फायदा घेऊन, कुंपणे ओलांडून, चोरून वर जाऊ लागले. ही गोष्ट वर्षानुवर्षे चालली. कुलपे होती, पहारे होते. तरी जाणारे जातच.

पुढे १९८९ साली पॉल केव्ह या उद्योजकाने सिडनीत भरलेल्या एका परिषदेच्या पाहुण्यांस कमानीवर नेण्याची व्यवस्था केली. वरचा देखावा पाहून त्याच्या मनाने घेतले की, हा आनंद सर्वसामान्य माणसासही मिळाला पाहिजे. हे साधावयास जवळजवळ नऊ वर्षे लागली. कोणी पडले तर काय? कोणाच्या हातून एखादी वस्तू निसटून खालच्या मोटारीवर आदळली तर काय? अशा शंका साहजिक होत्या, आणि त्या रास्तही होत्या. आमच्या मते या प्रकरणातील खरी शिकवण येथेच आहे. केव्हने त्या शंकांस भित्रेपणा म्हणून हिणवले नाही. आणि शंका आहेत म्हणून मूळची इच्छाही सोडली नाही. त्याने एकेका शंकेवर एकेक उपाय शोधला. १ ऑक्टोबर १९९८ रोजी कमानीची वाट लोकांस खुली झाली.

ते उपाय कसे आहेत, पाहा. चढणारास आधी श्वास तपासून घ्यावा लागतो. मद्य प्यालेल्यास प्रवेश नाही. त्यास एक विशिष्ट झगा चढवावा लागतो आणि खिशातील सर्व वस्तू खाली ठेवाव्या लागतात. घड्याळ नाही, मोबाइल नाही, कॅमेरा नाही. चष्मा असला तर तोही दोरीने बांधून घ्यावा लागतो. कमरेस पट्टा बांधतात, आणि त्या पट्ट्याची साखळी वाटेच्या कडेने गेलेल्या एका अखंड तारेत अडकवतात. प्रारंभापासून शेवटापर्यंत ती सुटत नाही. वर जाण्यापूर्वी शिडी चढण्या-उतरण्याचा सराव करून घेतात. मग लहान लहान तुकड्या करून, पुढे एक माहितगार वाटाड्या घेऊन, सर्वजण सावकाश चढू लागतात. आठ वर्षांचे मूलही जाऊ शकते, मात्र त्याच्यासोबत वडील माणूस असला पाहिजे.

इतके सोपस्कार करून माथ्यावर पोहोचल्यावर काय दिसते? पूर्वेस शिडांच्या आकाराची छपरे असलेले, १९७३ साली खुले झालेले ऑपेरा हाउस, त्यापलीकडे फोर्ट डेनिसन हे चिमुकले बेट, आणि मग बंदर रुंदावत समुद्राकडे जाते. पश्चिमेस पॅरामाटा नदीचे वळणदार पात्र दिसते, आणि हवा स्वच्छ असली तर क्षितिजावर ब्लू माउंटन्स या डोंगरांची निळसर रेघ उमटते. पायाखाली मोटारी मुंग्यांसारख्या सरकतात, आणि सर्क्युलर की या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी पाण्यावर पांढऱ्या रेघा ओढीत जातात. रोज रस्त्यावरून जाताना जे शहर तुकड्या-तुकड्यांनी दिसते, ते येथून एक होऊन दिसते.

ज्यास जाणीव आहे त्यास याहूनही अधिक दिसेल. पुलाच्या दोन्ही टोकांशी एके काळी शेकडो घरे होती. पुलाच्या वाटेत आली म्हणून ती पाडली गेली, आणि त्यांत भाड्याने राहणाऱ्या गरिबांस भरपाईही मिळाली नाही. त्या घरांच्याही आधी, इंग्रजांचे पहिले जहाज १७८८ साली येथे येण्यापूर्वी हजारो वर्षे, याच किनाऱ्यावर गॅडिगल लोक मासेमारी करीत होते. उंचावरून सुंदर वस्तू नजरेत भरतातच. पण त्या कोणाच्या कष्टाने आणि कोणाच्या हानीने उभ्या राहिल्या, हेही ज्यास तेथून दिसेल, त्याचे चढणे सार्थकी लागले असे आम्ही म्हणू.

यावर काही तरुण मित्र म्हणतील, ‘कमरेला पट्टा आणि पुढे वाटाड्या! यात शौर्य ते कोणते?’ आमचे उत्तर असे की, यात शौर्य आहे असे कोणी म्हटलेच नाही. शौर्य गरजेच्या प्रसंगी लागते. हिरकणीची कथा आपण सर्व जाणतो. ती रायगडाचा कडा उतरली ती घरी तान्हे बाळ भुकेले होते म्हणून. कोणाशी पैज मारली होती म्हणून नव्हे. सिडनीच्या कामगारांच्या कमरेस दोर नव्हता, तो त्यांस नको होता म्हणून नव्हे. त्यांच्या जिवाची तेवढी काळजी त्या काळी कोणी वाहिली नाही म्हणून. सोळा माणसे गेल्यावर, दोरावाचून चढणे हाच पुरुषार्थ आहे असे म्हणणे म्हणजे त्या सोळांची थट्टा करणे होय.

दुसरा आक्षेप पैशाचा. कमानीवर जाण्याचे तिकीट स्वस्त नाही, हे खरे. पण त्याच पुलाच्या आग्नेयेकडील दगडी बुरुजात २०० पायऱ्या चढून गेले म्हणजे थोड्या पैशांत बराचसा तोच देखावा दिसतो, आणि पुलावरील पादचाऱ्यांच्या वाटेने चालण्यास तर काहीच पडत नाही. ज्यास पाहावयाचे आहे त्यास जागा मिळते. ज्यास दिसावयाचे आहे त्यास मात्र कोणतीच जागा पुरत नाही.

आम्हांस सांगावयाचे आहे ते नेमके हेच. पाहण्यासाठी चढणे निराळे आणि दिसण्यासाठी चढणे निराळे. सिडनीच्या कमानीवर चढणारास स्वतःचा कॅमेरा नेता येत नाही. छायाचित्र हवे असल्यास वाटाड्याच काढतो. हा नियम खालच्या रहदारीच्या सुरक्षिततेसाठी केलेला आहे, परंतु त्याचा एक मोठा लाभ असा की, मनुष्याचे हात रिकामे राहतात आणि डोळे मोकळे राहतात. याउलट आपल्याकडे काय दिसते? पावसाळ्यात एखाद्या गडाच्या निसरड्या कड्यावर आमचा तरुण उभा आहे, हात लांबवून मोबाइल धरला आहे, आणि पाठ कोणाकडे? दरीकडे! जो देखावा पाहण्यासाठी तो दोन तास चढून आला, त्याकडेच त्याची पाठ. अशा वेळी एक पाऊल मागे पडते आणि एका घराचा दिवा विझतो. दरवर्षी अशी वार्ता वर्तमानपत्रात येते, आणि दरवर्षी आपण हळहळून पान उलटतो.

पवित्र शास्त्रात उंच जागी जाण्याच्या दोन कथा आहेत. मोशे वृद्धपणी नबो डोंगरावर चढला. ज्या देशात आपणांस जावयाचे नाही, पण आपले लोक जाणार आहेत, तो देश त्याने तेथून डोळे भरून पाहिला. हे पाहण्यासाठी चढणे. दुसरी कथा प्रभु येशूच्या परीक्षेची. सैतानाने त्यास मंदिराच्या शिखरावर उभे करून खाली उडी टाकण्यास सुचवले; देवाचे दूत झेलतील, असे वर सांगितले. येशूने ती उडी घेतली नाही. ज्याने पुढे इतरांसाठी प्राण दिला, त्याने तमाशासाठी प्राण पणास लावण्याचे साफ नाकारले. कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याने मनन करावे, अशी ही गोष्ट आहे.

आता पालकांस दोन शब्द. आपल्या मुलाने उंच चढू नये, असे तुम्हांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नुसत्या ‘नको’ या शब्दाने काय होते, ते सिडनीच्या त्या रात्रीच्या चढणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. १९३२ सालची एक गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील लिओनगाथा गावी लेनी ग्वायथर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा राहत होता. वडिलांचा पाय मोडला असता त्याने शेताची नांगरट आपल्या अंगावर घेऊन पार पाडली. बक्षीस काय हवे, असे विचारता तो म्हणाला, सिडनीचा नवा पूल खुला होताना पाहावयाचा आहे. सिडनी तेथून सुमारे हजार किलोमीटर दूर. आईवडिलांनी त्यास त्याच्या ‘जिंजर मिक’ नावाच्या तट्टावर बसवून एकटे जाऊ दिले. तो पोहोचला, आणि उद्घाटनाच्या मिरवणुकीत त्या तट्टावर बसून पूल ओलांडून गेला. आजच्या काळी नऊ वर्षांच्या मुलास कोणी असे धाडावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु त्या आईबापांचा विश्वास आंधळा नव्हता. मुलगा जबाबदारी पेलतो, हे नांगराच्या मुठीवर त्यांनी आधी पाहून घेतले होते. जेवढी जबाबदारी मुलाने पेलून दाखवली, तेवढी मोकळीक त्यास द्यावी, हे तत्त्व आजही खोटे ठरलेले नाही.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा तरी आपल्या विद्यार्थ्यांस आणि विद्यार्थिनींस जवळच्या टेकडीवर, गडावर अथवा मनोऱ्यावर रीतसर न्यावे. बरोबर वाट जाणणारा मनुष्य असावा, दोर असावा, पाऊस असल्यास बेत पुढे ढकलण्याचे शहाणपण असावे. वर पोहोचल्यावर अर्धा तास मोबाइल पिशवीत राहावेत, आणि गाव कसे वसले आहे, नदी कोठून आली, गडाचे दगड कोणी वाहिले, हे शिक्षकांनी मुलांस दाखवावे. पालकांनी खाली थांबून काळजी करीत बसण्यापेक्षा शक्य तर बरोबर चढावे. गुडघे दुखतील, पण मुलास काय दिसते, ते एकदा तुम्हांसही दिसेल.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही अवश्य चढा. पट्टा बांधावयास सांगितले तर लाजू नका, आणि उतरावयास सांगितले तर वाद घालू नका. वर गेल्यावर पाठ देखाव्याकडे करू नका. उतरून घरी आलात की, पेरूच्या झाडाखालून जिने तुम्हांस हाक मारली होती, तिला नदी कशी दिसली ते सांगा. ती अजून वाट पाहत असेल.